पलीकडच्या काठापर्यंत न पोहोचलेली वायर

फैजपूरच्या त्या घरात ती बाई बोलायला लागली. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. प्रेमराज मॅनेजर माझ्या शेजारी खाटेवर बसला होता. मोबाईल लावायची काठी त्याच्या हातात होती. ती त्याने हळूच खाटेखाली सरकवली. छत्तीस वर्षांत तो काही लपवताना मला पहिल्यांदा दिसला.

प्रेमराज काही मोठा माणूस नाही. पण धुळे-जळगावकडे अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी ज्यांनी ऐकल्या, त्यांनी त्याचं काम ऐकलेलं आहे. मी धुळ्याच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं हमाली केली. लग्नसराईत यार्डातून सुटलो की त्याच्या पेट्या उचलायचो. म्हणून त्याची हकीकत मला माहीत आहे. म्हणजे माहीत आहे असं मला वाटत होतं.

तो लाऊडस्पीकरच्या दुकानात कामाला होता. काम म्हणजे कर्णा झाडावर बांधणे, बॅटरी वाहणे, सुई बदलणे. लग्नात हिंदी गाणी वाजायची. पण बाया तेलन पाडायला, म्हणजे हळदीआधीच्या तेलाच्या विधीला, बसल्या आणि आपली गाणी म्हणायला लागल्या की म्हातारे लोक मांडवातून उठून तिकडे जाऊन बसायचे, हे त्याने पाहिलं. एका लग्नात त्याने कोणाला न विचारता बायांसमोर माईक ठेवला. शेजारच्या गावापर्यंत आवाज गेला. नवरीच्या बापाने आधी शिव्या दिल्या, मग टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

त्यानंतर तो गाणाऱ्यांच्या सुपाऱ्या घ्यायला लागला. सुपारी घेणे म्हणजे कार्यक्रमाचं बोलणं पक्कं करणे. टेम्पो, जेवण, माईक, परतीची एसटी, सगळं तोच बघायचा. लोक त्याला मॅनेजर म्हणायला लागले. १९९४ ला त्याने कॅसेटची कंपनी काढली आणि तिला आईचं नाव दिलं, भिकुबाई कॅसेट्स. लेबलवर आईचा फोटो होता. आई म्हणायची, "मना फोटो बजारमा कसाले इकस रे?" तो म्हणायचा, "माय, तुना फोटोवर गाणं इकाई जास."

स्टुडिओ नव्हता. रविवारी शाळेचा वर्ग मागून घ्यायचा आणि खिडक्यांना गोधड्या टांगायच्या. बावीस गोधड्या लागत. त्या मी वाहायचो. आत इतकं उकडे की गाणाऱ्या बाईला दर गाण्यानंतर बाहेर न्यावं लागे. रस्त्यावर ट्रक वाजला की पुन्हा पहिल्यापासून. एका गाण्याला चार तास लागले, असे दिवस मी पाहिलेत. प्रेमराज कोणाला सोडायचा नाही. सूर हलला की हात वर करायचा. कामात तो खरा होता. म्हणून मी त्याच्याकडे टिकलो.

त्याची एक रीत होती. जिचं गाणं घ्यायचं तिच्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस ठेवायचं. तिने ते घेतलं की गाणं आपलं. कागद नाही, सही नाही. गाण्यात कोणाचं नाव आहे, कोणाबद्दल काय म्हटलंय, ते विचारायची पद्धतच नव्हती. आम्हाला ते सुचलंही नाही.

आता २००१ सालची आखाजी.

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. गौराई पाण्यात सोडायच्या दिवशी काही गावांत नदीच्या दोन काठांवर मुलींचे दोन तांडे उभे राहतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. नाव घेऊन देतात. तुझी भाकर जळकी, तुझा भाऊ चकणा, तू अमक्यासोबत पळालीस. जे तोंडात येईल ते. समोरच्या काठाने त्याच्यावर चढ उत्तर द्यायचं. मग गौराई सोडायची आणि सगळ्या मिळून घरी यायचं. नदीवर बोललेलं घरी आणायचं नाही. त्यावरून भांडायचं नाही, रुसायचं नाही. आमच्या सगळ्या आया-बहिणींनी हे केलेलं आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. नाव बाहेर पडलं की काय होतं, ते पुढे येईलच. नदीत पाणी घोट्याएवढं होतं. लाइट फक्त अलीकडच्या देवळात होती. यंत्र तिथे ठेवलं. शंभर मीटर वायर अलीकडच्या काठापर्यंत पुरली. पलीकडच्या काठाला अजून तीसेक मीटर हवी होती. चाळीस मीटरचं दुसरं बंडल टेम्पोत होतं. टेम्पो गावाच्या मागे, दहा मिनिटांच्या चालीवर.

प्रेमराज म्हणाला, "धनसिंग, दुसरं बंडल आन ना भो. तथलं बी घिऊत."

मी पहाटेपासून पेट्या वाहिल्या होत्या. मी रिकाम्या बंडलावर बसलो होतो. पलीकडचं गाणं मला इथूनच ऐकू येत होतं. मी म्हणालो, "तथलं आठेच ऐकू यी राहिनं. ऱ्हाऊ दे."

त्याने ऐकलं. जाऊन यायला वीस मिनिटं लागली असती.

अलीकडच्या काठावर सुमनबाई होती. विशीतली, नुकतं लग्न झालेली, आवाज पत्र्यासारखा धारदार. समोर सतरा वर्षांची पुनम उभी होती. सुमनबाईने तिला धरलं.

पुनमनी भाकर जयनी वं माय, धूर गया धुयाले,
सासू बसनी उपाशी, सासरा गया गावले.

काठावर हसण्याचा कल्लोळ झाला. मग सुमनबाईने पुढची ओळ टाकली.

पुनम गयी पानीले वं माय, कोन भेटना उसमा?

उसात कोण भेटलं. एवढंच. ती ओळ तिने एकदा म्हटली. समोरून उत्तर आलं, पण आमच्या टेपवर ते माश्या घोंगावल्यासारखं आलं.

शाळेच्या वर्गात प्रेमराजने त्या गाण्याला ढोलकी-संबळ जोडलं. माश्यांचा भाग कापून टाकला. उसाची ओळ त्याला आवडली. "हाई वळ पब्लिक पकडी," म्हणाला. सुमनबाईकडून ती पुन्हा म्हणवून घेतली. नदीवर ती एकदा होती. कॅसेटवर ती सहा वेळा आहे. मी मोजलं तेव्हा नाही. आत्ता मोजलं.

दिवाळीला कॅसेट आली आणि प्रेमराजचं आयुष्य बदललं. एसटीच्या ड्रायव्हरांपासून ते केळीच्या ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांकडे ती होती. हळदीत ते वाजल्याशिवाय हळद होत नाही, असं झालं. सुमनबाई स्टेजवर उभी राहायला लागली. पुढे सीडी आली. मग मोबाईलच्या दुकानात कार्डात गाणी भरून मिळायला लागली आणि भिकुबाई कॅसेट्स बंद पडली. मास्टर टेपा त्याने आईच्या धान्याच्या कोठीत ठेवल्या. दहा वर्षं तो काहीच नव्हता. बाजारात लोक त्याला ओळखत नव्हते. २०१७ ला त्याने यूट्यूबवर चॅनल काढलं आणि पहिलं तेच गाणं टाकलं. एक कोटी चाळीस लाख वेळा ते पाहिलं गेलं. तो पुन्हा मॅनेजर झाला.

गाण्याखाली लोक सारखं विचारायचे, खरी पुनम कोण? या वर्षी त्याने ठरवलं की आखाजीला खरी पुनम दाखवायची. शाल, श्रीफळ, फोटो. त्याने मोबाईलसमोर उभं राहून सांगितलं, "या आखाजीले तुम्हले भेटी खरी पुनम," आणि गावाचं नाव घेतलं. तो व्हिडिओ चॅनलवर टाकून दिला. मी मागे उभा होतो. मलाही ते चांगलंच वाटलं.

मग आम्ही त्या गावाला गेलो. पुनमचा भाऊ बन्सीलाल ओट्यावर बसला होता. प्रेमराजने ओळख सांगितली. बन्सीलाल उठला नाही.

"कुठे राहतात आता पुनमताई? आखाजीला आल्या की आपण..."

"ती आखाजीला येत नाही," बन्सीलाल म्हणाला. "एकवीस वर्षं झाली."

तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

आमच्याकडची लेक आखाजीला येत नाही, हे ऐकूनच मी थांबायला हवं होतं. सासर कितीही लांब असो, बाई आखाजीला येते. पण प्रेमराज म्हणाला, काही घरगुती असेल. शेजारच्या म्हातारीने पत्ता सांगितला. फैजपूर. आम्ही अमळनेर, चोपडा, यावल करत दुपारी पोहोचलो.

ती दारात बसून सुपात डाळ निवडत होती. प्रेमराजने रस्त्यातूनच मोबाईल काठीवर धरला आणि मोठ्याने हाक मारली, "पुनमताई! ओळखं का?"

तिने आधी गल्लीत डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग आमच्याकडे.

"आठे पुनम कोनी नही," ती म्हणाली. "मझार या."

आम्ही आत गेलो. तिने दार लावलं. "आधी ते बंद करा." प्रेमराजने मोबाईल बंद केला. "दाखवा बंद झालं ते." त्याने दाखवलं.

तिचं बोलणं साध्या मराठीत लिहितो. ती पाणी न विचारता बोलत राहिली. आवाज अजिबात चढला नाही.

तिचं लग्न ठरलेलं होतं. चोपड्याकडचं घर. माघात तारीख होती. दिवाळीला कॅसेट आली. मुलाच्या काकाच्या ट्रॅक्टरवर टेप होता. कोणीतरी सांगितलं की ही पुनम त्याच गावची. दोन मोठी माणसं तिच्या वडिलांकडे आली. उसात कोण भेटलं ते विचारायला.

वडील म्हणाले, "अहो, ते आखाजीचं आहे. आखाजीचं कोणी धरतं का?"

त्यातला एक म्हणाला, "आखाजीचं असतं तर नदीवर राहिलं असतं. हे तर बाजारात विकत मिळतंय."

साखरपुड्याची साडी परत गेली. वडिलांनी घरातला रेडिओ उचलून माळ्यावर टाकला. दोन वर्षं तिला कोणी पाहायला आलं नाही. मग फैजपूरचे रुपचंद आले. केळीचे घड कापायच्या कामावर जाणारा माणूस. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, उसात कोण भेटलं ते मला नको, मला केळीतून वेळ नाही. लग्नात तिनेच सांगितलं, माझं नाव बदला. तिचं नाव सविता ठेवलं. या गल्लीत पुनम कोणाला माहीत नाही. मुलीलाही माहीत नाही.

"ताई," प्रेमराज म्हणाला, "आम्हाला काही... म्हणजे गाणं आहे ते. लोक फक्त नाचतात."

"नाचतात," ती म्हणाली. "मी पण नाचले. पुतण्याच्या हळदीत."

तिने डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"न नाचून कसं चालेल? सगळ्या बाया नाचत होत्या. मी एकटी बसले असते तर विचारलं असतं, सविता, तुला काय झालं?"

मी चोवीस वर्षांत त्या गाण्यावर हजारो माणसं नाचताना पाहिली. पेटीमागे उभा राहून खूश झालो. त्यात अशी एक बाई असेल, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

"सुमनबाईने असं का म्हणावं?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

ती माझ्याकडे वळली. "सुमनबाईने काय वाईट केलं? आखाजीला म्हणतातच. ती माझी मैत्रीण. मी पण तिला उत्तर दिलं. तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन दिलं. तुमच्या काठावरच्या बाया हसून हसून वाळूत बसल्या. मग गौराई सोडली. येताना सुमनने मला शेव दिली, कागदातली. आम्ही दोघींनी वाटेत खाल्ली." तिने डाळीचं सूप खाली ठेवलं. "माझं उत्तर तुमच्या कॅसेटीत नाही. तुमची वायर पोहोचली नाही."

आणि मग म्हणाली, "वायरीवर हे भाऊच होते ना? बंडलावर बसलेले."

चोवीस वर्षांनी तिने मला ओळखलं. बसलेला म्हणून ओळखलं. मी आयुष्यभर सांगत आलो की कामाला कधी पाठ दाखवली नाही. पन्नास किलोच्या गोण्या, शंभर किलोच्या पेट्या. ते खोटं निघालं. चाळीस मीटर वायर आणायची राहिली होती.

"आता माझ्या डिंपलची हळद आहे," ती म्हणाली. "पोरगा साक्रीकडचा. त्यांच्याकडे हे गाणं सगळ्यात जास्त वाजतं. नऊ मेला ते उष्टी हळद घेऊन येतील आणि हे लावतील. मी तिथे उभी असेन. तोपर्यंत तुम्ही जगाला सांगून मोकळे झालेले असाल, पुनम कोण ते."

प्रेमराज उठला. नमस्कार करायलाही विसरला.

फैजपूरच्या स्टँडवर त्याने मोबाईल काढला. गावाचं नाव घेतलेली ती जाहिरात सहा हजार लोकांनी पाहिली होती. खाली कोणीतरी लिहिलं होतं, पुनम आते फैजपूरले शे. प्रेमराज तिथेच फरशीवर बसला. चष्मा सापडेना, तो डोळ्यांवरच होता. मग त्याने जाहिरात पुसून टाकली.

आम्ही परत निघालो. अमळनेरला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "सुमननं सांगितलं होतं."

"काय?"

"ती म्हणाली होती, मॅनेजर, उसाची ओळ काढून टाका. दोन हजार तीनला. मी स्टेजवर म्हणणार नाही, म्हणाली. मी म्हणालो, पब्लिक मागतं. तिने पुन्हा विचारलं नाही. मी पण विचारलं नाही, का म्हणून."

सुमनबाई सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या गंधमुक्तीला, म्हणजे दिवसकार्याला, आम्ही गेलो होतो. तिथेही लोकांनी श्रद्धेने हेच गाणं लावलं होतं.

धुळ्याला पोहोचून त्याने आपल्या चॅनलवरून गाणं काढलं. मी समोर होतो. बटण दाबायला एक सेकंद लागला. एक कोटी चाळीस लाखांचा आकडा होता तिथे पांढरी जागा आली. त्याने ते पान दोनदा वर-खाली करून पाहिलं. मग म्हणाला, "झालं."

झालं नव्हतं. गाणं दुसऱ्यांच्या चॅनलवर होतं. डीजेवाल्यांनी मागेपुढे धडाधडा लावून नवीन केलेलं, लग्नाच्या व्हिडिओंत भरलेलं, रिक्षात, ट्रॅक्टरवर, पेनड्राइव्हमध्ये. मालक तो असल्यामुळे एक एक ठिकाणी तक्रार करून काढता येतं, असं त्याला कळलं. मास्टर टेप आणि जुन्या लेबलांचे फोटो पुरावा म्हणून लावायचे. एका तक्रारीला वीस मिनिटं लागायची. बरोबर वीस. मी घड्याळ लावून पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

तो सकाळी सातला बसायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. मी वहीत नाव लिहून घ्यायचो. सोळा दिवसांत एकशे सत्याऐंशी काढली. तेवढ्यात एकतीस नवीन आली. त्याला फोन यायला लागले. "मॅनेजर, येडा व्हयना का? गाणं बंद करी टाकं?" तो म्हणायचा, "हां." लोक पुढे शिव्या द्यायचे. तो फोन कानाला लावून पूर्ण ऐकायचा.

मेच्या चार तारखेला त्याने रुपचंदांना फोन केला. हळदीचं साऊंड आम्ही करू, म्हणाला. जे वाजेल ते आमच्या हातून वाजेल. रुपचंदांनी फोन बायकोला दिला.

मग ती म्हणाली, "या. पण मॅनेजर म्हणून येऊ नका. हमाल म्हणून या."

आम्ही जुन्या चार पेट्या काढल्या. त्याची चौसष्टी झाली, माझी सदुसष्टी. पूर्वी एक पेटी मी एकटा पाठीवर घ्यायचो. आता दोघं मिळून, दर दहा पावलांवर टेकवत. टेम्पोत चढवायला पाऊण तास लागला. वायर मी सगळी घेतली. दोनशे मीटर. मांडव चाळीस फुटांचा होता, तरी घेतली.

साक्रीची मंडळी चारच्या सुमारास उष्टी हळद घेऊन आली. पंधरावीस पोरं जीपमधून उतरली आणि सरळ आमच्याकडे आली.

"ओ बाबा, पुनम लावा!"

"नाही," प्रेमराज म्हणाला.

"नाही म्हणजे? पेनड्राइव्ह देऊ का?"

"पेनड्राइव्ह चालत नाही."

"खान्देशात पुनम नाही असा डीजे! बाबा, कीर्तनाचं साऊंड आणलं का हो?" पोरं हसली. एकाने पेटीवर थाप मारली. "पेटी बघ, आजोबाच्या वरातीतली."

पुनम, म्हणजे सविता, मांडवात डिंपलच्या मागे उभी होती. हातात हळदीचं ताट. ती आमच्याकडे पाहत नव्हती. पण ताट हलत नव्हतं, इतकं घट्ट धरलेलं होतं.

मग एक पोरगा पेटीच्या मागच्या बाजूला वाकला. तिथे रंगाने लिहिलेलं होतं. ते पुसायचं आमच्या लक्षातच आलं नाही. तीस वर्षं ते तिथे होतं, आम्हाला दिसायचं बंद झालं होतं.

"भिकुबाई कॅसेट्स," त्याने वाचलं. "अरे! पुनमवालीच कंपनी! माझ्या बापाकडे कॅसेट आहे. फोटो आहे त्या म्हातारीचा. ओ बाबा, तुमचीच का कंपनी? तुम्हीच काढलं का ते गाणं?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग खरी पुनम कुठे आहे?

प्रेमराज म्हणाला, "कोण भिकुबाई? मी ओळखत नाही. पेटी भंगारात घेतली."

त्याने आईचं नाव पहिल्या कॅसेटपासून शेवटच्या सीडीपर्यंत कधी लहान अक्षरात छापू दिलं नव्हतं. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मला त्याच्याकडे पाहवलं नाही.

पोरगा म्हणाला, "मग राहू द्या, माझ्या मोबाईलमध्ये आहे," आणि त्याने आमच्या मशीनची पिन उपसून स्वतःची घालायला घेतली. मी काही विचार केला नाही. मी मेनचा प्लग ओढला. सगळं बंद.

"लाइट गयी," मी म्हणालो.

मांडवातले सगळे दिवे चालू होते. पोरांनी दिव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तुमचीच लाइट गेली का?" एक म्हणाला आणि सगळे हसायला लागले. मी पण प्लग हातात धरून हसलो.

यंत्र बंद पडलं की बाया काय करतात ते आम्हाला माहीत आहे. एका म्हातारीने सुरुवात केली, मग दुसरीने. हळदीचं झालं, मामाचं झालं. मग गाडी साक्रीवाल्यांवर आली. समोरच्या पोरांची नावं विचारून विचारून त्यांनी एकेकाला धरलं. ज्याने पेटीवर थाप मारली होती, त्याला दोन बायकांनी गाण्यातूनच गाढवावर बसवून साक्रीला पाठवलं. पोरं लोटपोट. वराच्या करवलीने उठून उत्तर दिलं. मग इकडून एक आवाज उठला. जाडसर, खालच्या पट्टीतला, न वापरलेला. सविता गात होती. करवलीच्या भाकरीचं काहीतरी होतं. डिंपल मागे वळून आईकडे बघत राहिली. आपली आई गाते, हे तिला माहीत नव्हतं.

प्रेमराजचा हात आपोआप माईककडे गेला. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं. त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात त्याच पोराने मोबाईल वर केला. रेकॉर्ड करायला. प्रेमराज उठला, पाय आखडले होते तरी उठला, आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मोबाईलवर पंजा ठेवला.

"ठेव ते खिशात."

"का? बाया मस्त म्हणतायत."

"म्हणू दे. तू ऐक."

पोरगा चिडला. "तुम्ही कोण हो सांगणारे? मालक आहात का गाण्याचे?"

"हमाल आहे," प्रेमराज म्हणाला.

पोराने मोबाईल खाली घेतला. बाया थांबल्या नव्हत्या. मी खाली बसलो आणि वायर गुंडाळायला घेतली, दोनशेच्या दोनशे मीटर, कोपरापासून अंगठ्यापर्यंत.